उलट पावलांचा पल्ला

“पाय मागं, नजर पुढं, आणि तोंडात ‘हरकत नाही’. एवढं जमलं ना पोरी, की जगात कुठंही खपून जाशील.”

आई हे म्हणाली तेव्हा थोरली चाकाच्या दांड्याएवढीही नव्हती. आईनं तिच्या कमरेला पहिल्यांदाच वाखाचा भारा बांधला होता. पांढुरक्या, पिंजलेल्या धाग्यांचा तो भारा पोरीपेक्षा जाड. त्यातले चिमूटभर धागे ओढून आईनं चाकाच्या आकड्यात अडकवले, चाक फिरलं, धाग्यांना पीळ बसायला लागला आणि पोर भीत भीत मागं सरकायला लागली. एक पाऊल टाकलं की मान वळलीच. मागं खड्डा असला तर? कुत्रं झोपलं असलं तर? आई चाक फिरवता फिरवता गायची:

मागं मागं पाऊल गं, पुढं पुढं दोर,
पाठीला नाही डोळा, नको करू घोर.
पाठीमागे वाट माझी, तिला माझी जाण,
टाच माझी ओळखतो तिचा कण न् कण.

“वळून बघितलंस की बोटं सैल पडतात,” आई म्हणायची. “बोटं सैल पडली की दोर कच्चा, आणि कच्चा दोर कधीतरी कुणाच्या तरी जिवावर उठतो. वाट मोकळी ठेवणं हे गल्लीचं काम. तुझं काम चालणं.”

पोर मोठी झाली, त्याच गल्लीत दिली गेली, घरातली मोठी सून म्हणून सगळ्यांची ‘थोरली’ झाली. माहेरच्या दारातून सासरच्या दारात जायला तिला एक हाक मारायचाही वेळ लागला नव्हता. पुढं आई गेली, तिचा आवाज राहिला. आता केस वाखाच्या रंगाचे झाले होते आणि ती तशीच रोज कमरेला भारा बांधून मागं मागं चालत होती.

दोरवाल्यांच्या घरांच्या पाठीमागं एक लांबच लांब, सरळ, अरुंद पट्टी होती. तिला ते पल्ला म्हणायचे. एका टोकाला चाकं रोवलेली, दुसऱ्या टोकाला खुंटे, आणि मधे काही म्हणजे काही नाही. एका टोकाची हाक दुसऱ्या टोकाला पोचेपर्यंत पातळ व्हायची. पल्ल्यावर कुणी बसायचं नाही, कपडे वाळत घालायचे नाहीत, बाज टाकायची नाही. नव्या सुनेला घरात आल्यावर आधी चूल नाही, हे सांगितलं जायचं. कारण चालणारीला पाठीला डोळा नाही. तापलेल्या दुपारी, दोर उतरवून माणसं घरात गेली की पल्ला अगदी रिकामा दिसायचा, जणू कुणाचाच नसावा तसा. सुताराचा रंधा असतो, न्हाव्याचा वस्तरा असतो, तशी ह्या लोकांची ती रिकामी जागा होती. पण रंधा हातात धरून दाखवता येतो. रिकामी जागा कशी दाखवणार?

चाकाशी तिचा नवरा बसायचा. सगळी गल्ली त्याला चाकदादा म्हणायची. दोघांमधे बोलणं थोडं, दोर जास्त. तिकडून तिनं दोर हलका ओढला की त्यानं चाक हळू करायचं, झटका दिला की थांबायचं. तिची आई दूरच्या दवाखान्यात वारली त्या दिवशीही ती सकाळी चालत होती, निरोप यायचाच होता. पण मन कशानं तरी खट्टू झालेलं. चाकदादा नंतर म्हणाला होता, “दोर रडत होता तुझा.” आयुष्यात त्यानं तिला इतकं मोठं वाक्य क्वचितच ऐकवलं असेल.

आणि ‘हरकत नाही’ हे तर तिच्या जिभेला जन्मापासूनच चिकटलेलं. गिऱ्हाईक ठरल्या दिवशी आलं नाही, हरकत नाही. जेवताना तिच्या वाट्याला खरवड आली, हरकत नाही. धाकटी जाऊ तिची कात्री नेऊन आठवडाभर द्यायला विसरली, हरकत नाही. धाकटी तर म्हणायची, “जाऊबाईंना उद्या कुणी विचारलं, तुमच्या डोक्यावर जरा भिंत पाडू का, तर म्हणतील, हरकत नाही, फक्त केस बांधून घेते.”

मग एक दिवस विकासबाई आल्या.

विकासाच्या योजनेचं काम बघायच्या म्हणून गल्लीनं ठेवलेलं नाव; खरं काय ते कुणी विचारलं नाही. हातात फळी, फळीला कागद, पायात मळलेले बूट, आणि चेहरा असा सरळ की माणसाला उगाच पाणी विचारावंसं वाटावं. कशाचा अभ्यास करता, असं धाकटीनं विचारल्यावर बाई म्हणाल्या, “माणसं गरीब का राहतात आणि ती गरिबी कशानं जाते, त्याचा.”

“एवढंच? मग आम्हाला विचारायचं की,” धाकटी म्हणाली. “त्यासाठी चष्मा लागेपर्यंत कशाला शिकलात?”

बाई मनापासून हसल्या. पल्ल्यावर उभ्या राहून त्यांनी थोरलीला चालताना बघितलं, कागदावर काहीतरी लिहिलं. धाकटी शाळेत गेलेली, तिनं मान लांब करून वाचलं: उत्पादनाची पद्धत, मागास.

“बरोबर लिहिलंय हो बाईंनी!” धाकटी ओरडली. “आम्ही पिढ्यान् पिढ्या मागंच चालतोय. मागास नाही तर काय पुढास म्हणायचं?”

सगळा पल्ला हसला. बाई लाजून लाल झाल्या, तो शब्द खोडायला गेल्या, तर थोरली लांबून म्हणाली, “राहू द्या हो. हरकत नाही.”

बाईंनीच मग सगळं समजावून सांगितलं. मालाचे ट्रक जायला मोठा रस्ता होणार होता, आणि तो ह्या पट्टीवरून आखला होता. पट्टी सरळ होती ना. इतकी सरळ, इतकी मोकळी जागा सगळ्या शहरात दुसरी नव्हती. गल्लीला बदल्यात पलीकडच्या मैदानाजवळ नव्या इमारतीत खोल्या मिळणार, खोलीत नळ, खोलीत संडास. पैसे बाहेरची एक मोठी संस्था देणार होती, आणि तिचा नियमच होता की तिथल्या माणसांना विचारल्याशिवाय जागा घ्यायची नाही.

“तो तुमचा हक्क आहे,” बाई म्हणाल्या. “जनसुनावणी होईल. तिथं मोकळेपणानं बोला.”

हक्क. थोरलीनं तो शब्द तोंडात घोळवून बघितला. तिनं आजवर हक्क ऐकला होता तो ‘हक्कानं माग गं, परकी आहेस का’ ह्यातला. म्हणजे दुसऱ्यानं प्रेमानं दिला तर आपला.

तरीही तिनं ठरवलं. बोलायचं. पुरुषांनी काथ्याकूट करून झाला होता; एक म्हणे निवेदन द्यावं, एक म्हणे वकील गाठावा, आणि शेवटी सगळे थोरलीकडे बघायला लागले, कारण ती वयानं मोठी आणि तिच्याशी कुणाचं भांडण नाही. तिनं एक वाक्य जुळवलं. मागं चालता चालता ते बोटांतल्या वाखासारखं लांबवत, पीळ देत पक्कं केलं: ‘साहेब, रस्ता करा, पण आमचा पल्ला सोडून करा.’ बस, एवढंच. चाकदादाला तिनं ते ऐकवलं. त्यानं मान हलवली आणि म्हणाला, “चांगला वळलायस.”

सुनावणी एका शाळेच्या सभागृहात झाली. पुढच्या रांगेत बायका, टेबलामागं साहेब, साहेबांच्या बाजूला मान खाली घालून भराभर लिहिणारा लेखनिक, आणि टेबलावर माइक. विकासबाई भिंतीपाशी उभ्या होत्या. साहेबांनी वाचायला सुरुवात केली. सदरहू भूखंड, बाधित कुटुंबे, पुनर्स्थापना, तदनुषंगाने. भाषा मराठीच होती, पण कडक इस्त्रीची. कुठं हात घालावा तर दुमड सापडत नव्हती. थोरली आपलं वाक्य तोंडात गोळी धरावी तसं धरून बसली होती. विरघळू द्यायचं नाही, गिळायचं नाही.

चहा आला. लेखनिक उठून पुढच्या रांगेला कप देऊ लागला, बिचारा भला होता. साहेबांनी पान उलटलं आणि वर न बघता म्हणाले, “तर ह्या प्रस्तावाला उपस्थितांपैकी कुणाची हरकत?”

आणि त्याच क्षणी लेखनिकाचा कोपर माइकच्या वायरीत अडकला, कप कलंडला, आणि सगळा चहा थोरलीच्या मांडीवर.

“अरेरे! माफ करा मावशी, भाजलं का?”

चटका मांडीला बसला, पण तोंड चटक्यापेक्षाही चपळ. “हरकत नाही,” थोरली म्हणाली. लेखनिकाचा चेहरा रडवेला झालेला बघून आणखी मोठ्यानं म्हणाली, “हरकत नाही, हरकत नाही!”

वायरीबरोबर माइक ओढला जाऊन तिच्या पुढ्यातच येऊन पडला होता. ते शब्द सभागृहाच्या चारी कोपऱ्यांतून परत आले. मागच्या रांगा, ज्यांना चहा दिसला नव्हता, त्यांना वाटलं हे आधीच ठरलेलं असणार. कुणीतरी टाळी वाजवली. टाळीला टाळी लागली. साहेब म्हणाले, “धन्यवाद. आभारी आहे.”

थोरली ओली मांडी झटकत बसून राहिली. आता विचारतील, तिला वाटत होतं. हे नुसतं वाचन झालं, आता आपली पाळी येईल. ती वाट बघत राहिली, वाक्य तोंडातच, आणि शाळेचा शिपाई खुर्च्या मिटवायला लागला.

पुढं काही दिवस गेले आणि पल्ल्याच्या टोकाला, खुंट्याच्या वर, भिंतीवर कागद चिकटला. धाकटीनं वाचला. पहिल्यांदा मनात, मग मोठ्यानं. “सदर रिकाम्या जागेच्या वापरास स्थानिक महिला प्रतिनिधींनी जाहीर सुनावणीत हरकत नाही असे तीन वेळा निःसंदिग्धपणे सांगितले असून...”

पुढचं कुणी ऐकलं नाही. सगळ्या नजरा थोरलीकडे वळल्या.

“मी चहाला म्हटलं गं,” थोरली म्हणाली. “चहा सांडला, त्याला म्हटलं.”

“आयुष्यभर सगळ्याला हरकत नाही, हरकत नाही!” धाकटी कडाडली. “त्या एका दिवशी तरी जीभ चावायची होती की. एका कपात आख्खी गल्ली बुडवलीत, जाऊबाई!”

म्हाताऱ्या बायकांनी कपाळाला हात लावला. पुरुष जमिनीकडे बघत राहिले. चाकदादा चाकाशी गेला आणि रिकामंच चाक फिरवत बसला, कर्र कर्र, आकड्याला धागा नसताना.

थोरली कचेरीत गेली. लेखनिक ओळखीचं हसला आणि लगेच हसू आवरून फायलीत शिरला.

“साहेब, तुम्हीच होता. तुमच्याच हातून चहा सांडला. आठवतंय ना?”

“मावशी, रोज किती सभा होतात.”

“तुम्ही ‘अरेरे’ म्हणालात. मी म्हटलं, हरकत नाही. त्या ‘अरेरे’ला म्हटलं. मग ते का नाही लिहिलं?”

पंख्यानं कागदाचं एक टोक उचललं, लेखनिकानं ते बोटानं दाबलं. मग खालच्या आवाजात म्हणाला, “‘अरेरे’ लिहायची पद्धत नाही, मावशी.” आणि फाईल मिटत, “माझ्यावर साहेब आहेत. साहेबांवर तारीख आहे. जा तुम्ही.”

जिन्यात विकासबाई भेटल्या. त्यांना कळलं होतं. त्यांचे डोळे सांगत होते. “मी तिथंच होते,” त्या म्हणाल्या. “मी लिहून कळवलं. उत्तर आलं की नोंद झाली. पण ऐका. पैसे देणाऱ्या संस्थेचे पाहुणे येतायत, स्वतः खात्री करायला. ते तुम्हालाच विचारतील, थेट. तेव्हा एक ‘नाही’ म्हणा. फक्त एक. त्यांच्या नियमाप्रमाणे काम थांबवावं लागतं.”

“एका शब्दानं?”

“पल्ला गेला तोही एका शब्दानंच ना?”

थोरली घरी परतली ती जणू पुन्हा लहान होऊन. एक ‘नाही’. एवढं तर येईल. चालताना ती ते म्हणून बघू लागली, पावलागणिक. नाही. नाही. नाही. चाकदादाला दोरातून ते कळलं असावं. त्या दिवशी चाक असं फिरत होतं जसं त्याच्या तरुणपणी फिरायचं.

पाहुणे येणार त्याच्या आदल्या दिवशी धाकटी आली. डोक्यावर हंडा, कमरेवर कळशी. गल्लीला नळ एकच, तोही चढणीच्या खाली. पहाटे रांग लावावी तेव्हा कुठं सकाळी पाणी. धाकटीनं हंडा उतरवला, पण कंबर सरळ झाली नाही. ती तशीच वाकून, भिंतीला हात लावून उभी राहिली, आणि मग हळूहळू खाली बसली.

“जाऊबाई, उद्या काही बोलू नका.”

थोरलीला वाटलं आपण चुकीचं ऐकलं.

“तुमच्या नावानं सगळ्या गल्लीत ओरडले मी,” धाकटी खालच्या आवाजात म्हणाली. “ओरडावं लागतं, नाहीतर लोक म्हणतील हिलाच हवं होतं. पण खरं सांगू? हवंच होतं. त्या दिवशी तुम्ही बोललात ना, घरी येऊन मी दार लावून हसले. मला तोंड उघडावं लागलं नाही. मला नळ पाहिजे, जाऊबाई. दोर नको, पल्ला नको, नळ. कान पिळला की पाणी येतं तो. माझी कंबर गेली हो. डॉक्टर म्हणतो, ओझं उचलू नका. त्याला म्हटलं, मग पाणी काय पाखरं आणून देतील?”

हंड्यातलं पाणी अजून डुचमळत होतं.

“तुम्ही काय, चालता,” धाकटी म्हणाली. “मी वाहते.”

दुसऱ्या दिवशी पाहुणे आले. उंच, घामेजलेले, सगळ्यांशी हात जोडून बोलणारे. ते त्यांच्या भाषेत विचारायचे आणि विकासबाई मराठीत सांगायच्या. पल्ल्यावरच खुर्च्या मांडल्या होत्या. पल्ल्यावर खुर्ची, थोरलीला ते बघवेना. सगळी गल्ली गोळा झाली होती. पाहुणे वाकून, अगदी मायेनं काहीतरी बोलले.

“ते विचारतायत,” बाई म्हणाल्या, “ह्या निर्णयाला तुम्ही स्वतःच्या खुशीनं संमती दिली होती का? नसेल तर नाही म्हणा. कुणी काही करणार नाही.”

थोरलीनं तोंड उघडलं. ‘नाही’ तयार होतं, जिभेच्या टोकावर. तेवढ्यात तिला खुर्च्यांच्या मागं धाकटी दिसली. धाकटी तिच्याकडे बघत नव्हती. ती खाली बघत होती, आणि एका हातानं आपली कंबर दाबत होती, रोज दाबते तशीच. मुद्दाम नाही, सवयीनं.

“हरकत नाही,” थोरली म्हणाली.

बाईंनी डोळे मिटले. मग त्या शब्दांचं पाहुण्यांच्या भाषेत काय केलं कुणास ठाऊक, पाहुण्यांनी मात्र समाधानानं मान डोलावली, थोरलीचे दोन्ही हात हातात घेतले.

ते गेल्यावर बाई मागं राहिल्या. “का?” एवढंच त्या म्हणाल्या.

“बाई, एकीला नळ आणि एकीला पल्ला, दोन्ही मिळेल असं काही नव्हतं का तुमच्या अभ्यासात?”

बाईंनी पट्टीच्या टोकाकडे बघितलं. “रस्ता जरा वाकवला असता तर,” त्या म्हणाल्या.

“फार वाकवावा लागला असता?”

“फार नाही,” बाई म्हणाल्या, आणि तोंड फिरवून निघून गेल्या. पुन्हा त्या गल्लीत दिसल्या नाहीत.

खोल्या खरंच मिळाल्या. फसवलं असतं तर बरं, निदान शिव्या तरी देता आल्या असत्या. धाकटीनं नळाचा कान पिळला, पाणी धो धो आलं, आणि ती नळाखाली हात धरून रडली, हसली, परत रडली. थोरलीनं तिच्या डोक्यावरून हात फिरवला. मनापासून फिरवला. त्यात खोट नव्हती.

थोरलीची खोली तिसऱ्या मजल्यावर. चाकदादा बाहेरच्या अरुंद व्हरांड्यात उभा राहिला, डोळ्यांनी त्याची लांबी मोजली. चार उड्यांत समोर भिंत. तो आत आला. थोरली समोर बसली होती, हाताच्या अंतरावर. इतकी वर्षं दोघं एकमेकांकडे तोंड करूनच काम करत आले, पण ती लांब, दोराच्या पार पलीकडे, मुंगीएवढी. इतक्या जवळून बघायची सवय कुणाला होती?

“बोल की काहीतरी,” चाकदादा म्हणाला.

थोरलीच्या हातात दोर असता तर तिनं ओढून कळवलं असतं.

पाण्याचा आवाज भिंतीपलीकडून येत राहिला. हातांना काम नव्हतं. चाकदादाचा उजवा हात आपोआप हवेत गोल फिरायचा, झोपेतसुद्धा. मग तो एकदम उठला. “एक भारा वाख राहिलाय तिकडं,” म्हणाला. “वाया जाईल.”

ते दोघं जुन्या गल्लीत आले तेव्हा सकाळ बरीच वर आली होती. घरांची दारं काढून नेलेली, चौकटी बोळक्या तोंडासारख्या उघड्या. बाकीच्यांची चाकं उपटली होती, एक ह्यांचंच उभं होतं. एक म्हातारा शेजारी आपली पेटी हातगाडीवर चढवत होता, तो ओरडला, “काय चाकदादा, सुंभ जळला तरी पीळ काही जात नाही?”

चाकदादानं उत्तर दिलं नाही. आकडा पुसला, त्याला तेल लावलं. थोरलीनं भारा कमरेला बांधला, चिमूटभर वाख ओढून आकड्यात अडकवला. चाक फिरलं. बोटांत पीळ आला आणि तिच्या सगळ्या अंगात जीव आला. ती मागं चालायला लागली.

पाय मागं, नजर पुढं.

चाकाशी बसलेला तो हळूहळू लहान होत गेला. पायाखालची माती टाचेला ओळखत होती. इथं थोडी खोलगट, इथं जुन्या खुंट्याची जागा, इथं पावसाळ्यात पाणी साठतं म्हणून टाकलेली खडी. डावी-उजवीकडची उघडी दारं एकेक करून तिच्या नजरेच्या पुढं येत गेली. हे तिचं माहेर. इथं आई बसायची. थोरलीच्या ओठांवर आपोआप ओवी आली, पण पाठीमागून घरघर ऐकू आली आणि ओवी थांबली.

मोठ्या यंत्राची घरघर. पल्ल्याच्या टोकाकडून आत येणारी. जमीन टाचांना थरथरलेली कळत होती.

ती वळली नाही. वळलं की बोटं सैल. वाट मोकळी ठेवणं हे गल्लीचं काम. आणि गल्ली आता कुठं होती?

चाकदादाला समोरून सगळं दिसत होतं. ती, तिच्या पाठीमागं ते पिवळं धूड, त्याचा उचललेला जबडा. तो चाक थांबवेल असं तिला वाटलं. एक झटका देईल, थांब म्हणेल. दोरातून झटका आला नाही. उलट पीळ वाढला. चाक जोरात, आणखी जोरात फिरत होतं, आणि तिच्या बोटांतून सरसरत जाणारा वाख इतका घट्ट होत होता जितका तिनं कधी वळला नव्हता. तिला कळलं. हा गप्प माणूस आयुष्यभरचं सगळं त्या एका दोरात भरतोय. तो तिला थांब म्हणत नव्हता.

ती चालत राहिली. घरघर जवळ आली, गरम तेलाचा वास आला. कुणीतरी ओरडलं. आणि तिची पाठ त्या यंत्राच्या लोखंडाला टेकली.

इंजिन धडधडत जागच्या जागी थांबलं. बाजूनं कुणीतरी पळत आलं, धापा टाकत. हातात कागदाची गुंडाळी, कपाळावर घाम. तो लेखनिक होता.

“मावशी! अहो मावशी, काय हे? मागं बघून तरी चालायचं!” त्याचा आवाज घाबरलेला होता, खरोखर घाबरलेला. “लागलं का? जरा बाजूला व्हा बघू. एवढीच पट्टी राहिलीय, दुपारपर्यंत सपाट करायची आहे. साहेब येतायत. व्हा ना. हरकत नाही ना?”

ते शब्द तिच्या तोंडाशी आले. जन्माच्या सवयीनं, आईच्या आवाजात, मऊ, गोड, तयार. तिनं दात आवळले. ते आतच फिरले, आणि त्यांच्याखाली इतकी वर्षं दबलेलं दुसरं काहीतरी वर आलं, खरखरीत, कच्च्या वाखासारखं.

पल्ल्याच्या त्या टोकाला चाक थांबलं. दोर ताठ होता, हवेत, दोघांच्या मधे. ती वळली नाही, हातातला पीळ सोडला नाही. समोर, त्या मुंगीएवढ्या माणसाकडे बघत, त्यालाही ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं ती म्हणाली,

“चहाला हरकत नव्हती, साहेब. ह्याला आहे.”